उजेड न पाडणारी ज्वाळा : झेवियरच्या एका संतचित्राविषयी

संतचित्रांविषयी मराठीत जे काही लिहिले जाते, त्यात एक खोड आता चांगलीच मुरली आहे. चित्र समोर आले की आपण प्रथम कोश उघडतो. कमळ म्हणजे पावित्र्य, कवटी म्हणजे नश्वरता, किल्ली दिसली की सेंट पीटर, चाक दिसले की सेंट कॅथरिन. वस्तूंची अशी यादी जुळली की चित्राचे ‘वाचन’ पूर्ण झाले असे समजून आपण पुढच्या चित्राकडे वळतो. साहित्याच्या वर्गात कवितेचे जे होते तेच येथे चित्राचे होते. उरतो तो प्रकाश. त्याच्यासाठी एकच ठरलेले उत्तर असते : प्रकाश म्हणजे ईश्वरी कृपा. एवढे लिहिले की गुण मिळतात, आणि प्रकाश नेमका कोठून येतो, कशावर पडतो, कशावर पडत नाही, हे पाहण्याची गरज उरत नाही.

आमचे म्हणणे असे की संतचित्राचा अर्थ अनेकदा या शेवटच्या प्रश्नातच असतो. ते पटवून देण्यासाठी आम्ही एकच चित्र घेतो. ते जपानमधील कोबे शहराच्या संग्रहालयात आहे, परंतु त्याचे मूळ गोव्यात आहे. म्हणून त्यावर बोलण्याचा मराठी वाचकाला थोडा अधिक हक्क आहे असे आम्ही मानतो.

चित्र सेंट फ्रान्सिस झेवियरचे. ते लहान आहे, सुमारे 61 सेंटिमीटर उंच आणि 49 सेंटिमीटर रुंद. कॅनव्हासवरचे तैलचित्र नव्हे, कागदावर रंगवलेले. काळा झगा घातलेला, दाढी राखलेला, डोक्यावरचे केस ख्रिस्ती संन्याशाच्या रीतीने मधोमध काढलेला पुरुष कमरेपर्यंत दिसतो. डोक्यामागे प्रभामंडल. दोन्ही हात छातीवर एकमेकांवर आलेले. तेथेच एक लाल हृदय, त्यातून निघणाऱ्या ज्वाळा, आणि हृदयातूनच वर उठलेला, ख्रिस्ताची मूर्ती असलेला क्रूस. संताची नजर वर, त्या क्रूसाकडे लागलेली. वर ढगांत देवदूतांची बालमुखे. संताच्या तोंडातून लॅटिन शब्द बाहेर पडत आहेत : ‘सातिस एस्त, दोमिने, सातिस एस्त’, म्हणजे ‘पुरे, प्रभू, पुरे’. खाली लॅटिनमध्ये संताचे नाव, त्याखाली जपानी लेख, आणि मच्छीमार असा अर्थ होणारा शब्द घेतलेली चित्रकाराची स्वाक्षरी.

आता कोश उघडावा. ज्वाळा निघणारे हृदय म्हणजे काय? कोश प्रथम सेंट ऑगस्टिनचे नाव सांगेल. त्याच्या हाती असे हृदय शतकानुशतके रंगवले गेले आहे. मग तो सेंट फिलिप नेरीचे नाव सांगेल, ज्याचे हृदय दैवी अग्नीने फुगले अशी आख्यायिका आहे. झेवियर त्यानंतर येईल. तिघांच्याही पुढे अर्थ एकच लिहिलेला असेल : ईश्वरप्रेम. मग हे तीन संत वेगळे कशाने? कोशाजवळ याचे उत्तर नाही. उत्तर एका कथेत आहे, आणि ती कथा जुन्या गोव्यातली आहे.

झेवियर 6 मे 1542 रोजी गोव्यात उतरला. सेंट पॉल महाविद्यालयाशी त्याचा निकटचा संबंध होता. आज त्या विस्तीर्ण वास्तूच्या दर्शनी भागाची एक कमान तेवढी रस्त्याकडेला उभी आहे. परंपरा सांगते की या महाविद्यालयाच्या बागेत एकांतात फेऱ्या घालत असताना त्याला असा काही दैवी आनंद अनावर झाला की छातीवरचा झगा दोन्ही हातांनी दूर करून तो ‘पुरे, प्रभू, पुरे’ असे म्हणू लागला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या त्याच्या चरित्रांतून ही कथा युरोपभर गेली, तेथे कोरीवचित्रांत उतरली, ती छापील चित्रे जहाजांतून पुन्हा पूर्वेकडे आली आणि जपानी चित्रकाराच्या हाती पडली. म्हणजे गोव्याच्या बागेतला एक उद्गार रोम आणि अँटवर्पचा फेरा करून जपानच्या कागदावर उमटला. फेरा मोठाच, पण वाटेत कथेतली एक गोष्ट सांडली नाही. झेवियर त्या कथेत ‘मला दिसले’ असे म्हणत नाही, ‘आता सोसवत नाही’ असे म्हणतो.

येथे आपली भाषा आपल्या कामी यावी. प्रकाश या एका शब्दावर आपण समीक्षेत का थांबतो हे आम्हांला कळत नाही. बोलताना आपण तसे थांबत नाही. पहाटेचा उजेड, दिव्याचा प्रकाश, मूर्तीमागची प्रभा, चेहऱ्यावरचे तेज, चुलीची झळ, निखाऱ्याची धग. यांतील उजेड डोळ्यांचा, झळ कातडीची. तेज हा शब्द तर दोन्हींना पोटात घेतो, कारण पंचमहाभूतांत तेज म्हणजे अग्नीच. ज्या भाषेत हा भेद घरच्या बायकांच्या बोलण्यात रोज येतो, तिच्या समीक्षेने संतचित्रातल्या प्रत्येक पिवळ्या रंगाला ‘दिव्य प्रकाश’ म्हणावे, ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

हा भेद मनात धरून चित्राकडे पुन्हा पाहावे. छातीशी ज्वाळा आहेत. त्यांचा उजेड हनुवटीवर खालून पडायला हवा, झग्याच्या काळ्या घड्यांवर तांबूस छटा यायला हवी, बोटांच्या कडा उजळायला हव्यात. यातले काहीही घडलेले नाही. चेहऱ्याला गोलाई देणाऱ्या छटा आहेत, परंतु त्या ज्वाळांकडे पाहून दिलेल्या नाहीत. चित्रकाराला ते जमत नव्हते असे म्हणणे सोपे आहे. पण जेझुइट चित्रकार जोव्हान्नी निकोलो 1583 साली जपानात पोचला होता, आणि त्याच्या चित्रशाळेत जपानी शिष्य छायाप्रकाशाची युरोपीय रीत शिकत होते. कोबेच्या चित्राच्या कर्त्याला ती रीत परिचित होती हे चेहऱ्याच्या छटांवरूनच दिसते. त्याने समोर ठेवलेल्या छापील नमुन्यातही हृदयाची ज्वाळा बहुधा अशीच, उजेड न पाडणारी असणार. त्या काळच्या प्रतीकचित्रांची ती पद्धतच होती. कारण काहीही असो, झालेले असे आहे : ज्वाळा आहे आणि तिचा उजेड नाही. ती फक्त ज्याच्या छातीत आहे त्याला जाळते. पाहणाऱ्याला तिच्याकडून काहीच मिळत नाही. त्याला कळतो तो तोंडातून निघालेला ‘पुरे’ एवढा शब्द.

तुलनेसाठी त्याच सुमाराची दोन चित्रे आठवावीत. काराव्हाजोने 1600 साली रोममधील सान लुइजी देइ फ्रांचेझी या चर्चसाठी पूर्ण केलेल्या मॅथ्यूच्या चित्रात ख्रिस्त जकातवसुली करणाऱ्या मॅथ्यूला हाक देतो आहे. भिंतीत खिडकी आहे, परंतु तिच्यातून उजेड येत नाही. तो येतो चौकटीबाहेरून, ख्रिस्ताच्या डोक्यावरून, तिरपा, आणि टेबलाभोवती बसलेल्यांचे चेहरे एकेक करून अंधारातून उचलतो. तेथे उजेड हे निमंत्रण आहे, आणि ते बाहेरून येते. दुसरे चित्र झॉर्झ द ला तूरचे, लूव्हरमध्ये असलेले सुतार जोसेफचे. बाल येशूने मेणबत्ती धरली आहे, ज्योतीआड हात घेतला आहे, आणि त्याची बोटे आतून लालसर, जवळजवळ पारदर्शक झाली आहेत. आमच्या मते संतचित्रांच्या साऱ्या परंपरेत इतका घरगुती उजेड क्वचितच कोणी रंगवला असेल. ही दोन्ही चित्रे पाहणाऱ्याला उजेडात सामील करून घेतात. कोबेचे चित्र तसे करीत नाही. अमुक चित्र श्रेष्ठ असा निवाडा आम्ही देत नाही. तिन्ही ठिकाणी ‘प्रकाश म्हणजे कृपा’ असे एकच वाक्य लिहिणाऱ्याने तीनपैकी एकही चित्र पाहिलेले नाही, एवढे मात्र म्हणतो.

आम्ही हे लिहितो ते ढोकीहून. येथून जवळच तेर आहे : पेरिप्लसच्या कर्त्याने उल्लेखिलेले तगर, जेथल्या उत्खननांत रोमशी असलेल्या व्यापाराच्या खुणा सापडल्या, आणि जेथे तेरणेच्या काठी गोरोबाकाकांची समाधी आहे. गोरा कुंभारांचे छापील चित्र या भागात घरोघरी दिसते. चिखल तुडवणारे पाय, मिटलेले डोळे, पायाखाली आलेले मूल, आणि डोक्यामागे एक पिवळे वर्तुळ. ते वर्तुळ ज्ञानेश्वरांच्या मागे असते तसेच आणि तेवढेच. प्रभामंडलाचा इतिहास फार मोठा आहे. गांधार आणि मथुरेच्या बुद्धमूर्तींमागे ते दिसते, रोमन सूर्यदेवाच्या मस्तकामागे दिसते, आणि चौथ्या शतकापासून ख्रिस्ताच्या चित्रांत येते. म्हणजे तेरच्या छापील चित्रातले वर्तुळ आणि कोबेच्या झेवियरमागचे वर्तुळ ही लांबची भावंडे आहेत. दोघांचे काम ओळखपत्राचे : हा संत आहे, एवढेच ते सांगते.

गोरोबांच्या आख्यायिकेत जे खरे तेज आहे ते या वर्तुळात नाही, ते आव्यात आहे. संतमेळ्यात त्यांनी थापटण्याने एकेकाची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. कच्चे म्हणजे काय, तर ज्याला अजून धग लागलेली नाही. पक्के मडके अंगातून प्रकाश फेकत नाही. ते भाजून निघालेले असते आणि ठोकले की वेगळा आवाज देते, इतकेच. कोबेच्या चित्रातली ज्वाळा समजून घ्यायची तर मराठी विद्यार्थ्याला ऑगस्टिनपेक्षा हा आवा जवळचा आहे. दोन संतांची शिकवण एक आहे असे आम्ही सुचवीत नाही. ती एक नाही, आणि तसे म्हणणे दोघांवरही अन्याय होईल. आम्ही फक्त पाहण्याची एक जागा दाखवतो आहोत.

येथे कोणी जाणकार वाचक आक्षेप घेईल, आणि तो घ्यायलाच हवा. ज्या झेवियरने 1546 साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात धर्मन्यायालय मागितले, त्याच्या छातीतल्या ज्वाळेविषयी इतक्या हळुवारपणे कसे बोलावे? ते न्यायालय त्याच्या मृत्यूनंतर, 1560 साली, सुरू झाले आणि 1812पर्यंत चालले. त्याची धग ज्यांना लागली त्यांत कोकणी आणि मराठी बोलणारी असंख्य माणसे होती. त्या अग्नीने उजेड पाडला नाही, हे वेगळ्याच अर्थाने खरे आहे.

हा आक्षेप बाजूला सारण्याचा आमचा विचार नाही, आणि ‘कला वेगळी, इतिहास वेगळा’ या सबबीमागे लपण्याचाही नाही. उलट, चित्राचा अर्थ कोशात का नसतो याचा सर्वांत मोठा पुरावा येथेच आहे. एकच संत, एकच ज्वाळा; ती कोठे टांगली आहे यावर तिचा अर्थ ठरतो. गोव्यात झेवियर राज्यसत्तेच्या आश्रयाखालचा संत होता. 1637 साली गोव्याच्या रुपेकारांनी त्याच्या देहासाठी चांदीची पेटी पूर्ण केली. 1698 साली फ्लॉरेन्सच्या फोज्जिनीने घडवलेले संगमरवरी स्मारक बॉम जेझू बॅसिलिकात उभे राहिले. दर दहा वर्षांच्या आसपास देहाचे दर्शन असते. शेवटचे 21 नोव्हेंबर 2024 ते 5 जानेवारी 2025 या काळात झाले. तेथे प्रकाश मुबलक आहे : चांदीचा, मेणबत्त्यांचा, सोनेरी वेदीचा. त्या प्रकाशात सत्तेची झाक आहे हे नाकारण्यात अर्थ नाही.

जपानात याच्या नेमके उलट घडले. 1614 साली तोकुगावा राजवटीने ख्रिस्ती धर्मावर देशभर बंदी घातली. निकोलोची चित्रशाळा मकाऊला गेली. ताकायामा उकोन हा ख्रिस्ती सरदार मनिलाला हद्दपार झाला आणि पुढच्याच वर्षी तेथे वारला. नागासाकीत 1620च्या दशकाच्या अखेरीपासून लोकांना ख्रिस्ताच्या आणि मारियेच्या प्रतिमांवर पाय द्यायला लावून त्यांची परीक्षा होऊ लागली. झेवियरला संतपद मिळाले ते 12 मार्च 1622 रोजी. कोबेच्या चित्रावर त्याच्या नावाआधी ‘एस’ हे संतपदाचे अक्षर आहे, आणि त्यावरून बहुतेक अभ्यासक चित्र त्यानंतरचे मानतात. तसे असेल, तर हे चित्र बंदीच्या काळातच रंगवले गेले. ते कोणत्याही चर्चच्या भिंतीवर लागणार नाही, ते दिसले तर घरचे सगळे मरतील, हे ठाऊक असताना रंगवले गेले.

1920 साली ते सापडले. ओसाकाच्या उत्तरेस, आज इबाराकी शहरात मोडणाऱ्या, एके काळी उकोनच्या जहागिरीत असलेल्या डोंगरी गावातल्या एका घरात, ‘न उघडण्याची पेटी’ म्हणून पिढ्यानपिढ्या जपलेल्या लाकडी पेटीत ते होते. बंदी 1873 सालीच उठली होती. पेटी त्यानंतरही जवळजवळ अर्धे शतक बंद राहिली. तीनशे वर्षे हे चित्र अंधारात होते. त्यातल्या ज्वाळेने पेटीच्या बाहेर उजेड पाडला असता तर ती आणि तिचे राखणदार दोघेही संपले असते.

आता पुन्हा ती हनुवटी आठवावी, जिच्यावर ज्वाळेचा उजेड नाही. चित्रकाराने पुढचे सारे ओळखून असे रंगवले, असा दावा आम्ही करणार नाही. नमुन्यातच तसे असणार हे वर म्हटलेच आहे. पण प्रतिमेचा अर्थ तिच्या कर्त्यापाशी संपत नाही, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला नव्याने सांगायला नको. युरोपच्या छापखान्यात जी केवळ चित्रणाची रूढी होती, ती त्या पेटीत शिरल्यावर वस्तुस्थिती झाली. गोव्यातल्या सोनेरी झेवियरपेक्षा हा कागदी झेवियर आम्हांला अधिक विश्वासार्ह वाटतो, आणि त्याचे कारण आमच्या दृष्टीने केवळ एवढेच आहे की त्याच्या बाजूने त्या वेळी कोणतीही सत्ता नव्हती.

चित्राखालच्या लेखाविषयी थोडे. त्यात संताचे नाव आणि ‘साकारामेंतो’ हा शब्द आहे, पण तो लिहिलेला आहे चिनी अक्षरांत, आणि त्या अक्षरांचे अर्थ सोडून फक्त उच्चार घेतलेले आहेत. जपानीत ही रीत फार जुनी. लेखात डोंगर आहे, निळा रंग आहे, आणि वाचायचे मात्र फ्रान्सिस झेवियर. मराठीच्या अभ्यासकाला हे वाचताना फादर थॉमस स्टीफन्सची आठवण यावी. 1579 साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटाचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली रायतूरला छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, अस्सल मराठी, आणि अक्षरे रोमन, कारण मराठीचे खिळेच नव्हते. जवळपास एकाच पिढीत इकडे मराठी ओवी लॅटिनच्या अक्षरांत बसली आणि तिकडे लॅटिन संत चिनी अक्षरांत. स्टीफन्सवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच्या या जपानी समकालीनाविषयी काहीच नाही. असो.

‘परक्या संताला देशी रूप’ हा विषय निघाला की मराठी लेखक आंजेलो द फोन्सेकाकडे वळतो, आणि वळावेच. गोव्याच्या सांतु इस्तेव्ह बेटावर 1902 साली जन्मलेला हा चित्रकार शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर आणि नंदलाल बोस यांच्या सहवासात घडला. गोव्यात परतल्यावर त्याची साडी नेसलेली मारिया तेथल्या धर्ममार्तंडांना रुचली नाही. तो पुण्याला आला, ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात राहिला, आणि 1967 साली मरेपर्यंत रंगवत राहिला. आज त्याच्या चित्रांचा मोठा संग्रह पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे. त्याच्याविषयीची सारी चर्चा साडीभोवती फिरते. विरोधकांनी साडीला नावे ठेवली, चाहत्यांनी साडीचे कौतुक केले. दोघांनीही वस्त्रच पाहिले. आमच्या मते फोन्सेकाने युरोपीय संतचित्रातून जे मुळापासून काढून टाकले ते वस्त्र नव्हे, एका बाजूने येणारा उजेड होय. बंगाली शैलीत कागद पुन्हा पुन्हा भिजवून रंगाचे पातळ थर एकावर एक चढवतात. त्यातून येणारी आभा साऱ्या कागदभर सारखीच पसरते. तिला दिशा नसते, आणि जमिनीवर गडद सावली पडत नाही. काराव्हाजोचा संत उजेडात ओढला जातो. फोन्सेकाची मारिया उजेडातच बसलेली असते, अंगणात सकाळी माणसे बसतात तशी. कृपा बाहेरून कोसळते की भोवती आधीपासून असते, हा धर्मशास्त्रातला जुना वाद आहे, आणि फोन्सेकाने त्यातली आपली बाजू पाण्याच्या ब्रशने मांडली. साडी बदलून तेथे झगा घातला तरी ती बाजू बदलणार नाही.

एक व्यावहारिक अडचण सांगायला हवी. ही चित्रे आमचे विद्यार्थी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहतात, दुसरा मार्ग नाही. पडदा मागून उजळलेला असतो, त्यामुळे त्यावर प्रत्येक चित्र स्वयंप्रकाशी होते. फोन्सेकाचा ओला कागद आणि काराव्हाजोचा काळोख, दोन्ही सारखेच चकाकतात, आणि कोबेच्या चित्रातली न उजळणारी ज्वाळाही तेथे दिव्यासारखी दिसते. ढोकीत बसून कोबेला जाणे घडणार नाही, पण पर्वरी आणि पुणे एका रात्रीच्या प्रवासावर आहेत, आणि तेर तर पायवाटेवर. विद्यार्थ्यांनी आधी तेरला जाऊन गोरोबांचे एखादे जुने, कडा उडालेले छापील चित्र समईच्या उजेडात पाहावे, मग दुपारच्या उन्हात पाहावे. पिवळे वर्तुळ दोन्ही वेळी तेवढेच दिसेल. चिखलात बुडालेल्या पायांचा रंग मात्र बदललेला असेल.